मामांच्या खुर्चीशेजारचं बटण

वयाची सत्तरी उलटेपर्यंत बत्तीमामांना भीती कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. कुणाला ही बढाई वाटेल. पण ज्यांनी त्यांना विंगेतल्या काळोखात, उघड्या तारांच्या जंजाळात मांडी ठोकून बसलेलं पाहिलंय, ते लगेच मान डोलावतील. त्या दिवसांत दिवे मंद करायला नाजूक यंत्रं नव्हती. मिठाच्या पाण्याची मोठाली मातीची भांडी असत. त्यांतली धातूची पट्टी हळूहळू वर उचलायची, की तिकडे रंगमंचावर संध्याकाळ उतरायची. पाणी उकळायचं, वाफा निघायच्या, चुकून ओला हात लागला तर माणूस जागच्या जागी आडवा. मामा एका हाताने सूर्य बुडवत आणि दुसऱ्या हाताने बशीतला चहा पीत.

नाटक मंडळीत ते सगळ्यांचेच मामा. नायिकेचे मामा, खलनायकाचे मामा, पडदा ओढणाऱ्याचेही मामाच. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथंच राहिलं. कुणा नवख्या पोरीची पहिल्या प्रवेशाआधी गाळण उडाली की ते तिच्याजवळ जाऊन म्हणत, "तू नुसती चालत ये गं. उजेडाचं माझ्याकडे लागलं." आणि ती पाऊल टाकी तिथं उजेड तिच्याआधी पोचलेला असे.

त्यांचं सगळं काम एका नेमावर उभं होतं. ज्याच्यावर उजेड पडतो, त्याने बटणाला हात लावायचा नाही. नटाने उभं राहावं, बोलावं, मरायचं असेल तर झोकात मरावं. दिवे लावणारा लांब बसतो, त्याला सगळं दिसतं आणि सगळं त्याच्या हातात असतं. रंगमंचावरच्या दिव्याला स्वतःचं बटण नसतंच मुळी. लांबून एक दांडा खाली ओढला की सगळीकडे काळोख. उभी हयात मामांनी या नेमावर काढली आणि कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मंडळी बंद पडली, दिवे भंगारात गेले, मामा घरी बसले. घर लहानसं, मागे अंगण, आणि अंगणाच्या टोकाला, घरापासून सुटं, एक गॅरेज. गाडी विकून टाकल्यावर त्यात मोडक्या खुर्च्या, रंगाचे डबे आणि एक फुटकं टप एवढंच उरलं होतं. ते गॅरेज एक दिवस बारकीने मागितलं.

बारकी म्हणजे मामांची धाकटी मुलगी. चाळिशीला टेकलेली, बापापेक्षा वीतभर उंच, खांदे असे की दारातून आली की दार भरून जाई. तरी घरात बारकीच. ती वाढली नाटकाच्या सुतारांमध्ये. इतर मुली बाहुल्यांशी खेळत तेव्हा ही खोट्या राजवाड्याच्या खऱ्या खिळ्यांशी खेळे. पुढे फर्निचरच्या एका कारखान्यात लागली. तो कारखाना दुसऱ्या गावी हलला, आणि तिने ठरवलं की आता कुणाच्या हाताखाली काम करायचं नाही.

"बाबा, मला तिथं वर्कशॉप करायचंय. करवतीचं टेबल, रंधा, ड्रिल. वायरिंग नीट करून घ्यावं लागेल."

"करून घ्यावं लागेल म्हणजे?" मामा खुर्चीतून उठलेच. "बत्तीमामाच्या घरात वायरिंग करायला बाहेरचा माणूस येणार?"

"अहो, बाहेरचा म्हणजे वायरमन," मामी म्हणाल्या. "सही त्याची लागते, तुमची नाही. तुमची सही आता दूधवालासुद्धा घेत नाही."

पण मामांच्या अंगात वारं शिरलं होतं. नाटकाच्या तालमीला जमिनीवर खडूने घर आखतात, इथं दार, इथं जिना, तसं त्यांनी गॅरेज झाडून घेतलं आणि फरशीवर सगळं वर्कशॉप आखलं. इथं करवत, इथं रंधा, इथं लाकडाची थप्पी. मग बारकीला रिकाम्या हातांनी तालीम करायला लावली. "फळी उचल. वळ. टेबलावर ठेव. आता तुझा चेहरा कुठं आहे? सावली कुठं पडते?" ती खोटी फळी खांद्यावर घेऊन खऱ्यासारखी वाकायची, मामा भिंतीवर खुणा करायचे. एक दिवा करवतीच्या डोक्यावर, एक डाव्या अंगाला, म्हणजे हाताची सावली पात्यावर येणार नाही. इतकी बारीक योजना कुठल्या वायरमनने केली नसती, हे खरंच. बारकी हसत होती, मामा हसत होते. मामीही दारात उभ्या राहून दोन घटका बघून गेल्या.

मग करवत आली.

लोखंडी टेबल, मधल्या फटीतून वर डोकावणारं गोल, दातेरी पातं. बारकीने स्वयंपाकघरातून लांब वायर ओढली आणि बापाला दाखवायला म्हणून एक फळी लावली. पातं फिरायला लागलं तेव्हा त्याचे दात दिसेनासे झाले. नुसतं एक चकचकीत धुकं राहिलं. फळी निम्मी गेली. आणि काय झालं ते मामांच्या डोळ्यांना दिसलंच नाही. फक्त एक फटका ऐकू आला. फळी उलटी उडून शटरवर आपटली होती. शटरच्या पत्र्याला नारळाएवढा पोचा पडला होता. बारकी बाजूला उभी होती. समोर असती तर तो पोचा कुठं पडला असता हे कुणी बोललं नाही.

"ओली होती फळी," ती म्हणाली आणि मशीन बंद केलं. "पात्यात चावली जाते कधी कधी, अडकते आणि उलटी उडते. म्हणून तर समोर उभं राहायचं नसतं."

मामांनी भिंतीचा आधार घेतला. त्यांना वाटलं, चक्कर असेल. उन्हातून आल्यामुळे असेल. घोटभर पाणी पिऊन ते खुर्चीत बसले, आणि तिथं त्यांना उमगलं की ही चक्कर नाही. सत्तर वर्षं ज्या पाहुणीने दार वाजवलं नव्हतं, ती आता आत येऊन बसली होती.

त्या दिवसापासून त्यांची नजर बारकीच्या हातांवर खिळली. कपाला धरलेली बोटं, वेणी घालणारी बोटं, फोनवर फिरणारा अंगठा. ही बोटं लहानपणी त्यांनी मुठीत धरून प्रयोगाला नेली होती. त्यातलं एक जरी... पुढचा विचार ते करत नसत. हातातला घास ताटात पडे. "काय झालं?" मामी विचारत. "काही नाही, तिखट आहे," मामा म्हणत. "साखर घातलेला शिरा आहे तो," मामी म्हणत.

अन् भ्यालेल्या माणसाने जे करायचं तेच त्यांनी केलं. आपल्याला जे येत होतं त्यालाच घट्ट मिठी मारली.

वायरमन आला तेव्हा योजना तयार होती. हा गडी जाडजूड, पापण्या नेहमी अर्ध्या मिटलेल्या, कानावर पेन्सिल. कुठल्याही भिंतीवर आधी तळहात टेकायचा, जणू तिची नाडी बघतोय, आणि मगच बोलायचा. मामांनी त्याला गॅरेजात न नेता आपल्या मागच्या खोलीत नेलं. खिडकीपाशी त्यांची खुर्ची होती. खिडकीतून थेट गॅरेज दिसायचं.

"मेन स्विच इथं," मामा खुर्चीशेजारच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाले. "दिवे, करवत, रंधा, सगळं एका दांड्यावर. मी इथं बसणार. काही वेडंवाकडं दिसलं की खटकन खाली."

वायरमनने भिंतीवर तळहात टेकला.

"आणि गॅरेजात?"

"गॅरेजात काय?"

"तिथं बंद करायला काय असणार?"

"कशाला? मी आहे ना!"

"मामा," वायरमन म्हणाला, "तुम्ही बाथरूमला जात नाही का?"

मामी तोंडाला पदर लावून हसल्या. मामा हसले नाहीत.

"घरापासून सुटी असलेली इमारत आहे ती," वायरमन समजावू लागला. "इथून जमिनीखालून जाड केबल न्यायची, वाळूत पुरायची, वर विटा ठेवायच्या, म्हणजे उद्या कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागेल. तिकडे दाराजवळ तिचा स्वतःचा बोर्ड. तिचा स्वतःचा मेन. अर्थिंग तिकडे वेगळं. दिव्यांची लाइन वेगळी, मशीनची वेगळी. तुमच्या या दांड्याने काय होईल सांगू? तुम्ही घाबरून खाली ओढाल. दिवाही जाईल. आणि करवत लगेच थांबत नाही मामा. फिरत राहते. काळोखात फिरत राहते, आणि पोरगी तिथं चाचपडत उभी."

तो काळोख मामांना दिसला. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"आयुष्यभर मी काळोख केला. एक नट ठेचकाळला नाही."

"नटांच्या हातात करवत नव्हती."

"हे बघ, तुला जमत नसेल तर तसं सांग."

"जमतं. पण असलं करणार नाही. उद्या काही झालं तर मला सुखाने जेवण जाणार नाही." त्याने पेन्सिल कानावर नीट खोचली, मामींना नमस्कार केला आणि गेला.

एवढ्यावर थांबले असते तर बरं होतं. पण बारकीला लहान मुलांच्या एका शाळेचं काम मिळालं होतं, ठेंगण्या बाकांचं, आणि ते अडून बसलं होतं. "पक्कं वायरिंग सावकाश होऊ दे, तोवर तात्पुरतं मी करतो," मामा म्हणाले. तात्पुरत्या कामात त्यांचा हात कोण धरणार? गावोगाव रोज संध्याकाळी तारा जोडायच्या आणि प्रयोगानंतर सोडायच्या, हाच तर त्यांचा जन्म. त्यांनी आपल्या भिंतीवर दांडा बसवला, खिडकीतून गॅरेजपर्यंत केबल नेली आणि करवतीचं झाकण उघडून बसले.

बारकी आली तेव्हा ते स्क्रू परत बसवत होते.

"बाबा, काय करताय?"

"झालंच."

"हे बटण दाबल्यावर काही होत नाहीये."

"त्याचं काम नाही आता. आतल्या तारा थेट जोडल्या. मी तिकडून दिली की चालू, मी तिकडून तोडली की बंद."

"अहो बाबा, मशीनला बटण असतं!"

"होतं," मामा म्हणाले.

ती कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. रागवायला निघालेली, पण बापाच्या हातातला पेचकस थरथरत होता तो तिला दिसला. हे हात थरथरताना तिने कधी पाहिले नव्हते. आणि म्हणून, निव्वळ मायेपोटी, तिने ते मान्य केलं. "बरं. बाक होईपर्यंत. मग वायरमन म्हणेल तसं."

इशाऱ्यासाठी मामांनी गॅरेजात घंटीचं बटण बसवलं. एकदा वाजली की वीज द्यायची, दोनदा वाजली की तोडायची. अगदी नाटकातल्यासारखं. घंटी मामांच्या खुर्चीजवळ, आणि तीही घरच्याच विजेवर चालणारी. त्यात काही चूक आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही.

ते दिवस मामांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. करवत सुरू झाली की त्यांची बोटं दांड्यावर. तिचा आवाज चढला की काळीज धडधडे, उतरला की अधिकच धडधडे. अर्ध्या उघड्या शटरमधून बारकीची वाकलेली पाठ दिसे. हात मात्र दिसत नसत, आणि त्यांना बघायचे होते ते हातच. चहा जवळ ठेवलेला निवून जाई. मामी म्हणत, "अहो, जरा पाठ टेका, ताठ बसून बसून खुंटा झालाय तुमचा." मामा ऐकत नसत. आपण बसलोय म्हणून ती सुखरूप आहे, याची त्यांना पुरती खात्री होती. जिवाचं पाणी होत होतं, पण खात्री होती.

शेवटी मामींनीच कुणाला न सांगता वायरमनकडे निरोप धाडला की, बाबा रे, येऊन जा, यांनी तो दांडा बसवलाच, यांच्यापुढे आम्ही हात टेकले.

तो आला त्या सकाळी मामी बाजारात गेल्या होत्या. करवत चालू होती. पुढच्या दारावर थाप पडली, एकदा, दोनदा, मग मोठ्याने. मामा खुर्ची सोडत नसत. पण थाप थांबेना. ते तरातरा पुढच्या खोलीत गेले आणि दार उघडून म्हणाले, "नंतर ये. काम चालू आहे."

"मामी म्हणाल्या या म्हणून."

"मामीला काय कळतं? नंतर ये."

"बरं, पण एवढं तरी सांगा," वायरमन आत पाऊल टाकत म्हणाला, "आत्ता तुम्ही इथं आहात. मग तिकडे बटणापाशी कोण आहे?"

मामा उत्तर देणार तोच डोक्यावरचा पंखा मंदावला. फ्रिज एकदा कण्हला आणि गप्प झाला. मागच्या अंगणातून करवतीचा आवाज येत होता, तोही उतरत उतरत विरून गेला.

"लाइट गेली," वायरमन म्हणाला. सहज म्हणाला. आणि मग त्याच्या अर्ध्या मिटलेल्या पापण्या पूर्ण उघडल्या. "मामा. मशीनचं बटण?"

"थेट जोडलंय."

"म्हणजे चालूच आहे?"

मामांना सगळं एकदम दिसलं, जसा अख्खा रंगमंच एका झटक्यात उजळावा तसं. करवत थांबली आहे. बारकीला वाटणार, बाबांनी बंद केली. तिचा बाबांवर विश्वास आहे. फळी पात्यात अडकली असेल तर ती आता निर्धास्त हात घालणार. आणि दांडा वर आहे. वीज कोणत्याही क्षणी येईल.

ते पळाले. सत्तरीच्या माणसाने पळू नये तसे पळाले. मधल्या खोलीत टेबलाचा कोपरा मांडीत घुसला, तो कळलाही नाही. वायरमन बाहेरच्या बाजूने गॅरेजकडे धावला. घराशेजारच्या बोळात वाळूचा ढीग होता, त्यात तो गुडघ्यापर्यंत रुतला, त्याच्या शिव्या खिडकीतून ऐकू आल्या. मामांना ओरडायचं होतं, "हात काढ!" एवढे दोनच शब्द. पण घशातून नुसती हवा निघाली. आयुष्यभर ज्याने प्रयोग चालू असताना तोंडातून हूं की चूं काढलं नव्हतं, त्याचा आवाज ऐन वेळी जागा झालाच नाही. त्यांनी खुर्ची ढकलली, दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकला, आणि दांडा खाली आला.

डोक्यावरचा पंखा फिरायला लागला.

आधी काय झालं? दांडा आधी की पंखा आधी? मामांना सांगता येईना. दोन्ही एकाच श्वासात झालं होतं. मधे क्षणभर करवत गुरगुरली की काय? की तो फ्रिज होता? त्यांनी खिडकीतून पाहिलं. बारकीची पाठ वाकलेली होती. हलत नव्हती. ते कान देऊन उभे राहिले. किंकाळी नाही. काहीच नाही. काहीच नसणं इतकं भयंकर असतं हे त्यांना माहीत नव्हतं. रंगमंचावरच्या शांततेत निदान शेकडो माणसांचा श्वास असतो.

दांडा सोडायला बोटं तयार नव्हती. एकेक बोट त्यांनी दुसऱ्या हाताने सोडवलं. मग मागचं दार, पायरी, अंगण. दोरीवर वाळत घातलेली चादर तोंडावर आली, ती बाजूला करायचंही बळ नव्हतं; ते तिच्याखालून वाकून गेले. शटरपाशी पोचले तेव्हा वायरमनही धापा टाकत पोचला होता. दोघांनी आत पाहिलं.

बारकी पात्यावर ओणवी झाली होती. डाव्या हाताची दोन बोटं दातांच्या मधे घालून अडकलेली ढलपी उपसत होती. जीभ दातांत धरून, लक्ष देऊन, लहानपणी चित्र काढायची तशी. ढलपी निघाली. तिने वर पाहिलं.

"अरे, दोघंही? बाबा, कमाल आहे हं तुमची. फळी चावली आणि मी घंटी दाबायच्या आतच तुम्ही बंद केलंत! डोळे आहेत की दुर्बीण?"

वायरमनने भिंतीवर तळहात टेकला, आणि सांगायचं ते त्याने सांगितलं. चारच वाक्यांत. लाइट गेली होती. बाबा पुढच्या खोलीत होते. दांडा वरच होता. आत्ता, येताना, खाली ओढला.

बारकीने आधी पात्याकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे. मग ती लाकडाच्या थप्पीवर हळूच बसली आणि दोन्ही हात तिने एप्रनच्या खिशात घातले.

"तुम्ही त्या दांड्यापाशी बसलात की तुम्हाला बरं वाटायचं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "मला नव्हतं वाटत बाबा. दर वेळी पात्याला हात लावताना मनात यायचं, त्यांनी खरंच बंद केलं असेल ना? आणि मग मीच मला रागवायचे, की बाबांवर असा संशय घ्यावा? आज पहिल्यांदा मनात आलं नाही."

मामा खाली बसले. फरशीवर, भुशात. वायरमनने त्यांना उठवायला हात पुढे केला. मामांनी मानेनेच नाही म्हटलं. तिथंच, त्या भुशात बसून, त्यांनी करवतीच्या झाकणाकडे बोट केलं. "घराचा मेन बंद करून ये," ते वायरमनला म्हणाले. "टेस्टर लाव. आणि मग ते उघड. माझ्याने नाही उघडवणार."

दुसरी योजना झाली ती बारकीच्या हाताने. खडू मामांनी तिला दिला. मामा स्वतः करवतीपाशी तिच्या जागी उभे राहिले, खोटी फळी हातात घेऊन, आणि ती विचारत गेली, "आता अडकली. हात कुठं जातो?" हात उजव्या मांडीपाशी गेला, तिथं लाल बटण, मुठीएवढं, गुडघ्यानेही दाबता येईल असं. वायरमनने त्याला असा स्टार्टर लावला की वीज गेली तर तो आपसूक सुटेल, आणि वीज आली तरी पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलणार नाही. दाराजवळ तिचा बोर्ड. दिवे वेगळ्या लाइनवर. अंगणात चर खणला, केबल वाळूत झोपवली, विटा मांडल्या. गॅरेजमागे अर्थिंगचा खड्डा घेतला. मामा सगळीकडे हजर होते, पण कशाला हात लावत नव्हते. कुणी काही मागितलं तर देत होते. मागच्या खोलीतल्या भिंतीवर दांड्याच्या जागी चार भोकं राहिली, ती मामींनी बुजवली आणि म्हणाल्या, "आता खुर्ची फिरवून माझ्याकडे तोंड करून बसलात तरी चालेल."

वायरमनने शेवटी बारकीच्या हातात एक लहान किल्ली ठेवली. पातं बदलताना मेन बंद करून कुलूप लावायचं. किल्ली जिच्याकडे तिच्याशिवाय कुणी वीज देऊ शकत नाही.

"दुसरी?" मामांनी विचारलं.

"असते," वायरमन म्हणाला.

"ती इकडे दे. घरात असू दे. वेळप्रसंगी..."

"नाही बाबा," बारकी म्हणाली. तिने दुसरीही उचलली आणि दोन्ही एकाच खिशात टाकल्या.

मामांचा हात पुढे झाला होता तो तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला. आता तिकडे काही झालं तर आपण काहीही करू शकणार नाही, हे त्यांना तेव्हा नीट कळलं. ते घराकडे वळले.

"कुठं निघालात?" बारकी मागून म्हणाली. "ही फळी लांब आहे. मला एकटीला नाही सावरायची. पलीकडचं टोक कोण धरणार?"

"मी?"

"इथं अजून कोण आहे? मामी?"

"मी तुझी आई आहे, मामी कुणाची?" मामी खिडकीतून ओरडल्या. "आणि मी नाही यायची त्या राक्षसाजवळ!"

मामा करवतीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. पातं त्यांच्यापासून चांगलं लांब होतं. तरी कपाळावर घाम आला होता.

"घाबरलात?"

"हो," मामा म्हणाले. हे ते पहिल्यांदाच कुणाला बोलून दाखवत होते. "खूप."

"मीसुद्धा. त्या दिवसापासून रोज." तिने चष्मा चढवला, त्यांच्याकडेही एक चष्मा सरकवला. "नीट ऐका. तुम्ही ओढायचं नाही. कितीही वाटलं तरी ओढायचं नाही. फळी ओढली की ती माझ्यावर उलटते. नुसतं खालून तोलून धरायचं. ढकलणार मी."

"आणि काही झालं तर?"

"तर बटण माझ्या मांडीपाशी आहे."

मामांनी चष्मा लावला. हात पुढे केले, तळवे वर. बारकीने हिरवं बटण दाबलं. दात दिसेनासे झाले, आवाज चढत गेला, त्यांच्या बरगड्यांत घुमू लागला. त्यांना डोळे मिटून घ्यावेसे वाटले. त्यांनी उघडे ठेवले. भुसा उडाला, आणि फळीचं टोक पात्यापलीकडून सावकाश त्यांच्या हातांकडे येऊ लागलं.